फळीची जाडी : आपल्या नौकाबांधणीतील मापांचा इतिहास

मराठ्यांच्या आरमाराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. आंग्र्यांच्या गुराबांवर तोफा किती, गलबतांना वल्ही किती, कोणत्या लढाईत कोणाची किती जहाजे पाडाव झाली, हे शाळेतील मुलालाही थोडेफार सांगता येते. परंतु त्या गुराबेच्या अंगाची फळी किती जाड होती, दोन बरगड्यांमध्ये अंतर किती ठेवीत, पठाण म्हणजे नौकेचा तळाचा कणा अमुक लांबीचा घेतला की रुंदी किती धरावयाची, हे विचारले की आपली पंचाईत होते. वास्तविक पाहता नौका पाण्यावर टिकते की नाही, ते याच आकड्यांवर ठरते. तोफा आणि निशाण या पुढच्या गोष्टी झाल्या. हे आकडे कोण ठरवीत असे, कशाच्या आधारे ठरवीत असे आणि ते ज्ञान कोठे साठवलेले होते, याचा मागोवा घेण्याचा या लेखाचा उद्देश आहे. आपणा बृहन्महाराष्ट्रातील मंडळींपैकी अनेकांची घरे समुद्रापासून शेकडो कोस दूर आहेत हे खरे; परंतु या कथेतील एक महत्त्वाचा ग्रंथ माळव्यात धारेस जन्मला आणि छापला गेला तो कलकत्त्यास, त्यामुळे विषय अगदीच परका वाटू नये.

तो ग्रंथ म्हणजे 'युक्तिकल्पतरु'. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ राजाला उपयोगी पडणाऱ्या नाना विषयांचा संग्रह आहे. त्यातील नौकांचे प्रकरण राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली आपल्या प्राचीन भारतीय नौकानयनावरील इंग्रजी ग्रंथात पुढे आणले, आणि १९१७ मध्ये मूळ ग्रंथ कलकत्त्यास छापला गेला. भोजाने नौकांचे 'सामान्य' व 'विशेष' असे दोन वर्ग केले आहेत. सामान्य वर्गात 'क्षुद्रा' या १६ हात लांबीच्या होडीपासून 'मंथरा' या १२० हात लांबीच्या नौकेपर्यंत दहा प्रकार येतात. विशेष वर्गातील 'दीर्घा' जातीत पुन्हा दहा प्रकार. त्यांत सर्वांत लहान 'दीर्घिका' ३२ हात लांब, ४ हात रुंद. सर्वांत मोठी 'वेगिनी' १७६ हात लांब, २२ हात रुंद. पोटाची उंची लांबीच्या दशांश. म्हणजे सूत्र साधे आहे: लांबी ठरली की तिचा आठवा भाग रुंदी आणि दहावा भाग उंची.

हे कोष्टक वाचून आपला ऊर भरून येतो आणि अनेक लेखकांचा आलाही आहे. पण जरा हात-फुटांचा हिशेब मांडून पाहावा. हात म्हणजे दीड फूट धरला, तर वेगिनी २६४ फूट लांब व ३३ फूट रुंद होते. सामान्य वर्गातील मंथरा तर १८० फूट लांब, ९० फूट रुंद आणि ९० फूट उंच! एवढ्या उंचीचे लाकडी खोके पाण्यात सोडण्याचे धाडस कोणता सुतार करील? आमच्या मते हे कोष्टक गोदीत उभे राहून लिहिलेले नाही. एखाद्या पंडिताने सुतारांकडून दोन-चार खरी प्रमाणे ऐकली आणि मग गणिताच्या सोयीने ती खाली-वर ओढीत नेली, असे ते दिसते. सर्वांत बोलकी गोष्ट अशी की लांबी, रुंदी, उंची यांचे एवढे आकडे देऊनही हे कोष्टक फळीच्या जाडीविषयी काही सांगत नाही.

तरीही ग्रंथाला पंडिती म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. त्यात लाकडाच्या चार जाती सांगितल्या आहेत. हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके व कठीण ते क्षत्रिय, मऊ व जड ते वैश्य आणि कठीण व जड ते शूद्र. ही नावे आज कानाला खटकतात आणि खटकावीतच. परंतु नावांचे टरफल काढून टाकले की आतला दाणा अस्सल निघतो. नौकेला हलके व कठीण लाकूड उत्तम, आणि दोन भिन्न जातींच्या लाकडांची नौका चांगली नव्हे, असे ग्रंथकार सांगतो. निरनिराळी लाकडे पाण्यात निरनिराळ्या प्रमाणात फुगतात, कुजण्याचा त्यांचा वेगही वेगळा असतो, आणि सांधे तेथेच उघडतात, हे कोणताही सुतार आजही सांगेल. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या तळास लोखंड वापरू नये, कारण समुद्रातील चुंबकाचे खडक ते ओढून घेतील, असेही तेथे म्हटले आहे. कारण काल्पनिक आहे, पण त्यामागची पद्धत खरी होती. हिंदी महासागरात नौका काथ्याने शिवून बांधण्याची रीत फार जुनी आहे. या रीतीकडे आपण शेवटी येऊ.

लांबी वाढली की सर्व मापे त्याच प्रमाणात वाढवावीत, हे कागदावर निर्दोष वाटणारे सूत्र समुद्रावर का फसते, हे समजून घेतल्यावाचून पुढचा इतिहास उलगडणार नाही. नौका ही समुद्रात एखाद्या लांब तुळईसारखी असते. लाट मध्यभागी आली की दोन्ही टोके आधाराविना खाली झुकतात आणि नौकेच्या पाठीला कुबड येऊ पाहते. लाटा दोन्ही टोकांना आल्या की पोट खाली खचू पाहते. असे दिवसातून हजारो वेळा घडते. आता एका नौकेची प्रत्येक बाजू दुप्पट करून दुसरी नौका बांधली, फळ्याही दुप्पट जाड घेतल्या, तर वजन आठपट होते. ते वजन दुप्पट लांबीवर पसरल्यामुळे वाकविणारा जोर सोळापट होतो. परंतु त्या जोराला तोंड देणारी लाकडाची ताकद मात्र आठपटच वाढते. म्हणजे मोठ्या नौकेतील लाकडावर दुप्पट ताण येतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथाचा आरंभच व्हेनिसच्या जहाजगोदीतील कारागिरांपासून केला आहे, तो याच प्रश्नासाठी: लहान यंत्र जसे बळकट असते तसे त्याच प्रमाणातले मोठे यंत्र का नसते? व्हेनिसच्या सुतारांना उत्तर अनुभवाने ठाऊक होते. गॅलिलिओने ते गणितात मांडले.

लाकडाच्या या मर्यादेचे शेवटचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९०९ मध्ये मेन राज्यातील बाथ येथे 'वायोमिंग' नावाची सहा डोलकाठ्यांची प्रचंड नौका बांधली गेली. तिचे तूतक म्हणजे डेक ३०० फुटांहून अधिक लांब होते. लोखंडी पट्ट्यांनी जखडूनही तिचे अंग लाटांवर इतके लवत असे की फळ्यांचे सांधे सुटून पाणी आत येई आणि पंप चालवावे लागत. १९२४ च्या मार्च महिन्यात ती सर्व खलाशांसह बुडाली. भोजाची वेगिनी लांबीने तिच्याहून कमी, परंतु लांबीच्या मानाने तिच्याहूनही अरुंद. ती कधी बांधली गेली असेल यावर आमचा विश्वास बसत नाही.

आता किनाऱ्यावर येऊ. शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या परिसरात नौकाबांधणीस आरंभ केला, तेव्हा प्रारंभी पोर्तुगीज कारागीर कामावर होते आणि रुई लैतांव व्हिएगश हा त्यांचा प्रमुख होता, हे प्रसिद्धच आहे. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या हालचालींमुळे ही मंडळी काम सोडून गेली. परंतु आरमार थांबले नाही, यावरून काम पुढे नेणारे हात कोकणात होते हे उघड आहे. त्या आरमाराच्या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या राजनीतीवरील ग्रंथात आले आहे. अमात्यांची भूमिका मोजक्या शब्दांत सांगायची तर अशी: गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच, वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी मोठी फिरंगी धाटणीची जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा.

भोजाच्या कोष्टकापेक्षा ही वाक्ये आम्हांस अधिक मोलाची वाटतात. येथे आकडे नाहीत, पण मापामागचा विचार आहे. माप कामावरून ठरते. कोकणच्या खाड्यांच्या मुखाशी पाणी उथळ. ओहोटीस वाळूचे दांडे वर येतात. वारा पडला तर वल्ह्यांनी गलबत हाकून मोठ्या जहाजास गाठावयाचे आणि संकट आले तर ज्या खाडीत मोठे जहाज शिरू शकत नाही तेथे शिरावयाचे, असे हे युद्ध होते. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबेचे जे वर्णन केले आहे ते याच्याशी तंतोतंत जुळते. गुराब लांबीच्या मानाने बरीच रुंद, पाण्यात थोडीच बुडणारी, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी आणि पुढे चोचीसारखी नाळ असलेली असे, असे तो सांगतो. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. गलबत ७० टनांच्या आतले आणि त्याला ४० ते ५० वल्ही. ज्या रुंद व उथळ घाटाला युरोपीय नजर 'विचित्र' म्हणे, तो कोकणच्या पाण्याने दिलेला घाट होता.

आज्ञापत्रातील लाकडासंबंधीचा भागही मापांच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या असे थोर लाकूड लागते; ते राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे किंवा परमुलखातून विकत आणावे; परंतु रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. हा उतारा रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी नेहमी दिला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक रोकडी अडचणही दडलेली आहे. नौकेची लांबी शेवटी झाड ठरविते. पठाणासाठी जितका लांब, सरळ व निर्दोष सोट मिळेल तितकी नौका लांब. त्याहून लांब हवी तर दोन सोट तिरका सांधा करून जोडावे लागतात, आणि जितके सांधे तितक्या कमकुवत जागा. बरगड्यांचे उलट असते. त्यांना मुळातच वाकडे लाकूड लागते, कारण सरळ लाकूड वाकडे कापले तर त्याचे तंतू तुटतात आणि बरगडी तेथेच मोडते. कच्छात याकरिता बाभळीचे नैसर्गिक बाक असलेले ओंडके निवडीत. जंगलात फिरणारा सुतार झाडाकडे पाहताना त्यात नौकेचे अवयव पाहत असे.

मराठी कागदपत्रांत नौकेचा आकार खंडीने सांगितलेला असतो. खंडी हे धान्याचे माप. म्हणजे नौका किती माल वाहील यावरून तिचे माप. यात हसण्यासारखे काही नाही. इंग्रजांचा 'टन' हाही मूळचा दारूच्या पिंपाचा शब्द आहे. त्यांनी पुढे यासाठी सूत्र केले: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करावे, उरेल त्याला रुंदीने आणि पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणावे, आणि ९४ ने भागावे. उदाहरणार्थ ६० फूट लांब व २० फूट रुंद नौका १०२ टनांची. या सूत्रात खोली मोजलेलीच नाही. ती रुंदीच्या निम्मी असे गृहीत धरले आहे. बंदराचा कर टनांवर बसत असल्यामुळे इंग्लंडचे व्यापारी अरुंद आणि खोल जहाजे बांधू लागले: कागदावर लहान, पोटात मोठी. ती चालण्यास वाईट असत. १८५४ मध्ये नवी मोजणी आली तेव्हा हा खेळ संपला. वाईट सूत्राने चांगला घाट कसा बिघडतो याचा हा नमुना आहे.

मोजपट्टीचाही प्रश्न असेच. आपल्या सुताराचा गज चोवीस तसूंचा. पण प्रांत बदलला की गजाची लांबी बदले. हे केवळ आपल्याकडचे वैगुण्य नव्हते. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात उलटली. ती १९६१ मध्ये वर काढल्यावर तिच्यावर सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. त्यांतील काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या, तर काही ॲम्स्टरडॅमच्या अकरा इंची फुटाच्या! नौकेच्या दोन बाजूही एकमेकींशी जुळत नाहीत असे आढळले. एका नौकेवर एकाच सुताराचा गज चालावा, या कारखान्यांतील शिस्तीचे महत्त्व यावरून लक्षात येईल.

मग आमच्या सुतारांची रीत काय होती? पश्चिम किनाऱ्यावर मलबारपासून कच्छापर्यंत ती थोड्याफार फरकाने चालत आली आणि केरळात बेपूर येथे तिचे दर्शन अजूनही घडते. मालकाशी बोलून आधी पठाणाची लांबी ठरते. त्यावरून नाळ व मागचा खांब यांची उंची आणि कल ठरतो, मग मधली रुंदी. युरोपात पुढे रूढ झालेल्या पद्धतीत आधी बरगड्यांचा सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर फळ्या ठोकतात. त्यासाठी प्रत्येक बरगडीचा आकार आधी कागदावर असावा लागतो. आपल्याकडे उलट. पठाणाला पहिली फळी लावायची, तिच्या कडेला दुसरी, तिला तिसरी. कवच बरेचसे वर आले की त्याच्या आत बसतील अशा बरगड्या घडवायच्या. येथे घाट ठरतो तो प्रत्येक फळी आधीच्या फळीशी किती कोनात झुकते यावरून. मिस्त्री ते डोळ्याने, दोरीने आणि एखाद्या साच्याने ठरवितो. म्हणून त्याला आराखडा लागत नाही. आराखडा नसणे हे अज्ञानाचे लक्षण समजले गेले, ही आमच्या मते गेल्या दोन शतकांतील मोठी गैरसमजूत आहे.

आता जाडीचे शास्त्र. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचे वजन दुप्पट होते, पण मोडण्याला विरोध चौपट आणि लवण्याला विरोध आठपट होतो. म्हणजे जाड फळी फायद्याची. मग सर्वच फळ्या जाड का घेऊ नयेत? कारण जाड फळी वळत नाही. नाळेजवळ नौकेचे अंग झपाट्याने आत वळते. तेथे फळी शेकून, ओलवून, दाबून वळवावी लागते आणि फार जाड फळी तडकते. शिवाय वरच्या भागाचे वजन वाढले की नौका डोलू लागते. दुसरा उपाय म्हणजे बरगड्या जवळ आणणे. हिशेब असा निघतो की बरगड्यांतील अंतर दुप्पट केले तर फळीही दुप्पट जाड लागते. पाण्याखाली दोन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे दोन टन दाब असतो. बरगड्या अर्ध्या मीटरवर असतील, तर केवळ हा दाब सोसण्यास सागाची पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास जाडीची फळी पुरते. कारागीर मात्र त्याच्या दुपटीहून अधिक जाडी घेतो. गणित शांत पाण्याचे असते. सुतार लाटेचा आघात, वाळूवर टेकताना बसणारा दणका, लाकूड पोखरणारी समुद्री कीड आणि सांध्यात कापूस-राळ ठासायला लागणारी कडेची रुंदी, हे सारे एकाच आकड्यात धरतो. तो आकडा कोणी मांडून काढलेला नसतो. ज्या फळ्या फुटल्या, त्यांच्याहून तो थोडा जाड असतो.

याच संदर्भात सुरतेच्या बांधणीचा उल्लेख आवश्यक आहे. १७७० च्या दशकात तेथे आलेला डच प्रवासी स्टॅव्होरिनस याने लिहून ठेवले आहे की येथील सुतार फळीला फळी नुसती भिडवीत नाहीत. एकीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तीत बसवितात, आणि ही जहाजे फार वर्षे टिकतात. यातील मर्म केवळ पाणी अडविण्याचे नाही. लाटेवर नौका लवते तेव्हा शेजारच्या फळ्या एकमेकींवरून सरकू पाहतात. खाचेचा सांधा ते सरकणे रोखतो आणि सुट्या फळ्यांचे एक अखंड कवच बनते. तितक्याच जाडीच्या लाकडातून अधिक ताकद निघते.

या सुरतेहूनच १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे दीडशे वर्षे मुंबईची गोदी गाजविली. मापांच्या इतिहासात या घराण्याचे स्थान विलक्षण आहे, कारण डोळ्याने बांधणाऱ्या परंपरेतील या माणसांनी लंडनहून आलेले आराखडेही तितक्याच सहजपणे लाकडात उतरविले. 'ट्रिंकोमाली' या युद्धनौकेची गोष्ट पाहा. तिचा घाट मूळचा फ्रेंच. १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या 'हेबे' या नौकेवरून उचललेला. आराखडे मुंबईस पाठविले गेले ते 'जावा' या जहाजावरून. परंतु १८१२ च्या अखेरीस अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पाडाव केला आणि आराखडे गेले. दुसरी प्रत आली, १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली रुप्याचा खिळा ठोकून पठाण बसले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. सुमारे १५० फूट लांब, ४० फूट रुंद, मलबारी सागाची ही नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून पाण्यावर आहे. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागातील तेल त्यांना जपते. एवढ्या दीर्घ आयुष्याचे ते एक कारण. दुसरे कारण बांधणाऱ्यांचा हात.

पण काळ कागदाच्या बाजूने वळत होता. विमा उतरविणाऱ्या कंपन्यांना जहाज न पाहता त्याची बळकटी ताडायची होती. त्यामुळे लॉईड्स रजिस्टरसारख्या संस्थांनी एकोणिसाव्या शतकात टनांवरून प्रत्येक अवयवाची किमान जाडी सांगणारी कोष्टके केली. ही पाळली तर विमा मिळे, नाहीतर नाही. १८३८ मध्ये वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण विलायतेस नौकाबांधणी शिकण्यास गेले. ज्यांच्या घरात ही विद्या शंभर वर्षे होती त्यांनी ती शिकण्यास परदेशी जावे, यातील विसंगती वरवरची आहे. त्यांना बांधणे शिकायचे नव्हते. आराखड्याचे आणि वाफेच्या यंत्रांचे नवे शास्त्र हवे होते. त्यांनी लिहिलेले प्रवासवृत्त १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोकणच्या गोद्यांना अशी संधी मिळाली नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत, पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन विजयदुर्गावर चालून गेले असता, तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. ते कोणाच्या हिताचे झाले, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांस येथे एवढेच नोंदवायचे आहे की आराखड्यावाचून बांधलेल्या नौकेत नौका हाच आराखडा असतो. नवी बांधताना मिस्त्री जुनीकडे पाहतो. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी उरली आहे. सुमारे १०९ मीटर लांबीच्या त्या जागेवरून तेथे काय मावत असेल याचा अंदाज येतो. तेथे उभ्या राहिलेल्या गुराबेची बरगडी कशी होती हे ती सांगू शकत नाही. किनाऱ्यावरील देशी नौकांची मापे कागदावर उतरवून घेण्याचे पद्धतशीर काम परकीयांनी केले: त्रिंकोमाली येथील इंग्रज गोदीचा मुख्य सुतार जॉन एडी याने १८३४ च्या सुमारास आणि फ्रेंच नौदल अधिकारी पारिस याने १८४३ च्या आपल्या ग्रंथात. तोवर गुराबांचा काळ मावळला होता. फत्तेमारींचा मात्र चालू होता.

आता काथ्याच्या शिवणीकडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या नौका पुन्हा बांधून पाहण्याची एक लाट आली. टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवाशाने ओमानात सूर येथे मलबारचे आयनी लाकूड आणून, लक्षद्वीपच्या शिवणकाऱ्यांकडून 'सोहार' ही नौका शिवून घेतली आणि १९८०-८१ मध्ये ती चीनपर्यंत नेली. पुढे १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील एक शिवलेली नौका समुद्रतळाशी सापडली. तिच्या फळ्या सुमारे चार सेंटिमीटर जाड भरल्या. वर केलेल्या हिशेबाशी ताडून पाहावे. तिच्यावरून बांधलेली 'ज्वेल ऑफ मस्कत' ही नौका २०१० मध्ये मस्कतहून सिंगापूरला पोहोचली.

आपल्याकडे याहून अवघड कोडे घेतले गेले. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे: तीन डोलकाठ्या, उंच चौकोनी शिडे, मागे सुकाणूची वल्ही, नाळेवर डोळा आणि ओळीने मांडलेले रांजण. या चित्रकाळातील नौकेचा घाट शोधून प्रत्यक्ष नौका बांधण्याचा करार २०२३ च्या जुलैत केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात झाला. बुडालेली नौका निदान मोजता येते. चित्र मोजता येत नाही. चित्रकाराने माणूस मोठा काढला की जहाज लहान होते, आणि अजिंठ्याच्या चित्रकाराला माणसात अधिक रस होता. चित्रातून मिळतो तो घाट: नाळ किती वर उचललेली, डोलकाठ्या कोठे, सुकाणू कसे. लांबी-रुंदी निराळ्या वाटेने ठरवावी लागते. नौदलाच्या अभियंत्यांनी घाट कागदावर उतरविला आणि मद्रासच्या आय.आय.टी.च्या सागरी अभियांत्रिकी विभागात त्याचे लहान नमुन्यावर परीक्षण झाले.

नमुन्याचे हे शास्त्र विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात घालून दिले. नमुना सोळापट लहान असेल तर तो एक चतुर्थांश वेगाने ओढावा म्हणजे लाटा खऱ्या नौकेसारख्या उठतात. पाण्याचा विरोध, डोलणे, सावरणे हे त्यावरून कळते. फळीची जाडी मात्र कळत नाही. गॅलिलिओचा नियम येथेही आडवा येतो: लहान नमुना त्याच प्रमाणातल्या मोठ्या नौकेहून नेहमीच बळकट असतो. ते दुखणे निराळ्या गणिताने आणि कारागिराच्या अनुभवाने निस्तरावे लागते. कवच आधी उभे करण्याची जुनी रीत जाणणारे केरळचे बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांनी गोव्यात फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवली, सांध्यांत नारळाचा काथ्या व राळ भरली. शिवणीत खिळा नसल्याने फळी फुटत नाही, पण शिवणीसाठी कडेला भोके पाडावी लागतात आणि तेवढे लाकूड कमी होते. म्हणून भोकांतील अंतर हेही एक मापच आहे. अशी नौका लाटेवर किंचित लवते आणि आघात शिवणीत जिरवते. खिळ्यांच्या ताठ नौकांसाठी केलेली लॉईड्सची कोष्टके तिला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

सुमारे वीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद अशी ही नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ती नौदलात दाखल झाली. रुंदी लांबीच्या एक तृतीयांशाच्या जवळ आहे. भोजाच्या अष्टमांशापासून दूर आणि ऑर्मने वर्णिलेल्या रुंद कोकणी घाटाच्या बरीच जवळ. २९ डिसेंबर २०२५ रोजी ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. शिवलेल्या नौकांचा काथ्या काही काळाने बदलावा लागतो. जुन्या काळी त्यासाठी नौका किनाऱ्यावर ओढून फळ्या उसवीत, कुजलेली फळी काढून त्याच जाडीची नवी बसवीत आणि पुन्हा शिवीत. 'कौंडिण्य'लाही पुढेमागे त्याच हातांची गरज लागेल.